पीएमवाल्या डॉक्टरचं पुस्तक

माझा धाकटा भाऊ लूमखात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, करंट लागून गेला, त्याला बरीच वर्षं झाल्यावर आमच्या घरी पोस्टाने एक पुस्तक आलं. एका डॉक्टरच्या आठवणी होत्या. त्या डॉक्टरने आयुष्यभर पोस्टमॉर्टेमं केली होती. निवृत्त झाल्यावर त्याने हे सगळं लिहून काढलं होतं.

पुस्तक मी मागवलं नव्हतं, ते माझ्या पाळीने आलं होतं. मी भेस्तानजवळच्या एका मराठी शाळेत शिकवते. वर्गात पोरं दरवर्षी कमी होतात, आणि जी असतात तीही सुट्टीत आपसात हिंदी-गुजरातीत बोलतात. वाचायला मराठी पुस्तक मिळायचं म्हणजे कोणी गावाकडून येताना आणलं तरच. लॉकडाऊनमध्ये एका ओळखीच्या बाईंनी मला मोबाइलवरच्या एका गटात घेतलं. महाराष्ट्राबाहेर राहणारे आम्ही थोडे मराठी वाचक. एकाने पुस्तक घ्यायचं, वाचायचं आणि पोस्टाने पुढच्याला पाठवायचं. समासात काही लिहावंसं वाटलं तर पेन्सिलीने लिहायचं. बाकी नियम नाही. माझ्या आधी इंदूरच्या एक निवृत्त नर्स होत्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. माझ्यानंतर बेळगावचे एक आजोबा. दोघांनाही मी कधी पाहिलेलं नाही.

पार्सल फोडलं आणि मुखपृष्ठ पाहूनच मी पुस्तक शाळेच्या पिशवीत घातलं. स्टीलचं टेबल आणि त्यावर पांढरे हातमोजे. घरात आई होती.

आईबद्दल आधी सांगायला हवं. भाऊ गेला तेव्हा सरकारी इस्पितळातून त्याला आणायला वडील गेले होते. घरी आणलं तेव्हा तो पांढऱ्या कपड्यात घट्ट गुंडाळलेला होता, फक्त चेहरा उघडा. आईने गळ्याखालचा कपडा सरकवला. मोठ्या सुईने घातलेला, जाड दोऱ्याचा टाका तिला दिसला, छातीकडे उतरत गेलेला. बायांनी तिचा हात धरून बाजूला नेलं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं. "मना पोऱ्याले रिकामा करीसन धाडं त्यास्नी." आतलं सगळं काढून घेतलं, विकलं, नुसतं खोकं आम्हाला दिलं. वडील समजावायचे, मग तेही थकले. दोन वर्षांनी ते गेले. त्या इस्पितळाच्या अंगणात ते किती वेळ बसले, आत गेले का, काय पाहिलं, हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. घरात आम्ही दोघीच राहिलो. माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत.

शाळेतून आल्यावर मी जिन्यावर बसून पुस्तक वाचायचे. डॉक्टर साधं लिहीत होता. कुठे रंगवून सांगणं नाही, कुठे स्वतःची फुशारकी नाही. विहिरीत सापडलेली बाई, रेल्वेखाली आलेला माणूस, आणि बाहेर झाडाखाली बसलेले नातेवाईक. एका पानाच्या कडेला सिस्टरांच्या अक्षरात होतं, "इथे उठले. चहा केला. परत बसले." दुसऱ्या एका पानावर कुणा आधीच्या वाचकाने फक्त "माझे वडील" एवढंच लिहिलं होतं. पुढे काही नाही.

चार-पाच दिवसांनी आईने विचारलं. ती साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणते. दुपारी दारात उजेडाला बसून, मांडीवर साडी, बाजूला गोंदाची वाटी.

"जिनावर बठीसन काय वाचस तू?"

"गटातलं पुस्तक आहे."

"कशानं?"

"एका डॉक्टरचं."

"कोनता डॉक्टर?"

 मी सांगितलं, पीएम करणारा.

तिचा हात थांबला नाही. तिने एक खडा उचलला, लावला, बोटाने दाबला. पुढचा उचलला. मग मान वर न करता म्हणाली, "आठे बठ. मोठ्यानी वाच."

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तुला वाचता येतं म्हणून तू एकटीने जाणून घेणार, आणि मला येत नाही म्हणून मी असंच मरायचं का? मी पिशवीतून पुस्तक काढलं.

मी सुरुवातीपासून वाचायला लागले. आईला ती विहिरीतली बाई नको होती, रेल्वेवाला माणूस नको होता. "ते काय करतस ते वाच," ती म्हणाली. तसं एक प्रकरण होतं. डॉक्टरने लिहिलं होतं की लोक मला नेहमी विचारतात आणि मी नेहमी टाळतो, म्हणून आता एकदाच नीट सांगतो. मग त्याने सांगितलं होतं. कुठून चिरतात, काय आधी पाहतात, फुप्फुसं, यकृत, हृदय, एकेक बाहेर काढून कसं बघतात, वजन करतात. मला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. आई म्हणायची, "हं." म्हणजे पुढे.

हृदयाशी आलो तेव्हा तिने विचारलं, "केवढं ऱ्हास?"

"माणसाच्या मुठीएवढं, लिहिलंय."

तिने गोंद लागलेली आपली मूठ मिटून पाहिली. मग म्हणाली, "मन्ही नको. त्यानी मूठ मोठी व्हती."

त्याच प्रकरणाच्या शेवटी होतं की पाहून झालं की सगळं शरीरात परत ठेवायचं आणि शिवायचं. कधी एखादा तुकडा तपासायला बाटलीतून पाठवावा लागतो, तो तेवढाच. डॉक्टरने लिहिलं होतं की टाके बारीक घालायला वेळ नसतो, बाहेर माणसं थांबलेली असतात, आणि त्या जाड टाक्यांची मला कायम लाज वाटत आली.

आईने सगळं परत ठेवण्याचं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग विचारलं, "खरं लिखस का हाऊ? की आपलं बरं दिसाले?"

मला माहीत नव्हतं. मी सिस्टरांना फोन लावला. त्याआधी आम्ही फक्त मोबाइलवर लिहून बोललो होतो. मी त्यांना भावाचं सांगितलं, आईचं सांगितलं, आणि विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "हे बघ बाळा, माझी ड्युटी तिथे नसायची. पण दोन-तीनदा गेलेय आत. मी पाहिलं तेव्हा परत ठेवत होते. सगळं ठेवत होते. सगळीकडे, सगळेच नीट करत असतील असं मी कशाला सांगू? पण विकायला काढतात, हे मी चाळीस वर्षांत कधी पाहिलं नाही. आणि गेलेल्या माणसाचं ते कुणाच्या उपयोगाचंही नसतं गं, इतका वेळ झाल्यावर."

मी आईला तसंच्या तसं सांगितलं, त्यातला "सगळीकडे" हा शब्दसुद्धा.  त्या दिवशी आईने काम लवकर आवरलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. रात्री जेवली नाही. मला वाटलं, चुकलं आपलं, हे पुस्तक घरात आणायला नको होतं.

करंटचं प्रकरण मी वाचून दाखवणार नव्हते. तेही होतं पुस्तकात. मी ते एकटीने वाचलं होतं. तळहातावर किंवा तळपायावर एक लहानशी फिकट खूण, कडा उचललेल्या, मध्ये खड्डा, बस. आत काही बिघडलेलं दिसत नाही. डॉक्टरने लिहिलं होतं की हृदय एकदम बंद पडतं असं नाही, ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही. कधी माणूस लगेच पडतो. कधी उठून बसतो, दोन शब्द बोलतो, आणि मग पडतो.

आम्हाला सांगितलं होतं, जागेवरच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी आईने पुस्तक स्वतः माझ्या पिशवीतून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तिला अक्षर येत नाही, पण तिला कळत होतं की मी काहीतरी लपवतेय. मी वाचलं. "दोन शब्द बोलतो" हेसुद्धा.

पुढे डॉक्टरने लिहिलं होतं की शरीर मला अर्धंच सांगायचं. उरलेलं विचारावं लागायचं. शेवटी त्याच्याजवळ कोण होतं? पण त्या माणसाला माझ्यापर्यंत कुणी आणत नसे. मी कागद भरायचो आणि पुढच्या टेबलाकडे जायचो.

"आपीन बी नही इचारं," आई म्हणाली.

त्याच्याजवळ कोण होतं हे आम्हाला माहीत होतं. लातूरकडचा एक मुलगा होता, भावाच्या बाजूच्या मशीनवर. दोघं बरोबर लागले होते कामाला. दिवाळीत घरी जाता आलं नाही की आमच्याकडे जेवायला यायचा, आईला मावशी म्हणायचा, पुरणपोळीवर तूप वाढलं की ताट मागे ओढायचा. भावाच्या अंत्यविधीला तो सगळ्यात मागे उभा होता. नंतर कधी आला नाही. आम्हाला वाटलं, घाबरला असेल. पुढे कळलं की त्याचं लग्न झालं, तो कोसाडच्या वसाहतीत राहायला गेला.

रविवारी आम्ही दोघी बसने निघालो. आईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, कुणाच्या घरी कार्याला जावं तसं. कोसाडला सगळ्या इमारती एकसारख्या, आम्ही तीन ठिकाणी विचारलं. वरच्या मजल्यावरचं दार त्याच्या बायकोने उघडलं. तो आत पलंगावर पडला होता, रात्रपाळी करून आलेला. आईला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.  आई आपणच खाली बसली.

"मी भांडाले नही येल," आई म्हणाली. "माले फक्त सांग. तो गया तवय तू व्हता ना जवळ?"

"होतो, मावशी."

"जागावरच गया का?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती आत चहा ठेवायला गेली. मग तो खाली बसला, आईच्या समोर, आणि फरशीकडे बघत बोलायला लागला.

"न्हाई मावशी. जागेवर न्हाई गेला. केबल सोललेली होती, आम्ही खात्याच्या मास्टरला दोनदा सांगितलं होतं. त्या दिशी फरशी धुतली होती. त्यानं मशीनला हात लावला आन तो चिकटलाच. म्या लाकडी फळी घेऊन त्याला ढकललं. तो सुटला. बाजूला पडला आन उठून बसला. म्हणलं वाचला. म्या हसलो बी, मावशी. खरंच हसलो. इतकं बरं वाटलं."

"बोलना का काही?"

"म्हणला, माझा हात कुठंय? हात तर होता त्याचा, पण त्याला कळत नव्हता. म्या त्याचा हात उचलून त्याला दाखवला. म्हणलं हा बघ. मग पाणी मागितलं."

आई त्याच्याकडे बघत होती. तो थांबला.

"त्याले पाणी दिन्हं का?"

"न्हाई." त्याने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "बाटली माझ्या हातात होती. कुणीतरी वरडलं, करंट लागलेल्याला पाणी दिऊ नका, मरंल. म्या बाटली मागं घेतली. तो माझ्याकडं बघत होता. मग एकदम आडवा झाला. डोळे उघडेच. आम्ही वरडलो, रिक्षा आणा. गेटात कापडाच्या ताक्यांचा टेम्पो लागलेला, तो निघेस्तवर रिक्षा आतच येईना. मास्टर म्हणला, बाकीच्या मशिनी बंद करू नका, माल खराब होतो. मशिनी चालूच होत्या, मावशी. तो तिथं पडलेला आन मशिनी चालू."

मी विचारलं, "मग पोलिसांना जागेवर गेला म्हणून का सांगितलं?"

"मास्टरनं सांगितलं तसं बोललो आम्ही सगळे. जागेवर गेला म्हणलं की कुणी पुढचं इचारत न्हाई."

"आता सांगशील? वकिलापुढे?"

उत्तर आतून आलं. त्याची बायको दारात उभी होती, हातात गाळणी. "ते काई सांगणार न्हाईत ताई. त्याच लायनीत काम करत्यात अजून. आमची दोन लेकरं हायत. तुम्ही पाया पडायला लावू नका." ती रागावून बोलत नव्हती. तिचे डोळे भरले होते. तो मान खाली घालून बसला होता. ते खातंसुद्धा आता तिथे नव्हतं. शेठने मशिनी विकून कामरेजकडे काहीतरी दुसरं सुरू केलं होतं. कुणाला धरणार होतो आम्ही?

चहा आला. आईने कपाला हात लावला नाही. ती उठली, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली. मी तिच्या मागे. तो कठड्यापर्यंत आला आणि वरून खाली बघत उभा राहिला. आईने वळून पाहिलं नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हात कोठे शे, म्हने." 

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आईने कामाच्या साड्या परत पाठवल्या. भाकरी करायला बसली की तवा तापत राहायचा आणि ती परातीत हात ठेवून बसून राहायची. पूर्वी ती चिडायची, इस्पितळाला शिव्या द्यायची. ते आता बंद झालं होतं. त्या जागी काहीच आलं नव्हतं. मला ते शिव्या देणं परवडलं असतं. तिचा सगळा राग ज्यांच्यावर होता त्यांनी काही केलं नव्हतं, आणि ज्याच्यावर आता राग यायला हवा तो मुलगा तिच्या हातची पुरणपोळी खाऊन गेलेला होता.

बेळगावच्या आजोबांचा निरोप आला, पुस्तकाची वाट बघतोय, पण घाई नाही. मी ते पाठवून दिलं. समासात काही लिहिलं नाही. पोस्टातून परत आले तर आईने एवढंच विचारलं, "गया का तो डॉक्टर?" मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात सिस्टरांचा फोन आला. आई कशी आहे, विचारायला. मी भाजी निवडत होते, फोन स्पीकरवर ठेवला होता, आणि आई मागे आहे हे विसरून सगळं बोलून गेले. कोसाड, बाटली, पाणी. म्हटलं, सिस्टर, ते पाणी दिलं असतं तर?

"काही झालं नसतं," सिस्टर म्हणाल्या. "पाण्याने तो वाचला नसता आणि पाण्याने गेलाही नसता. लोक उगाच काहीबाही सांगतात. त्याचं हृदय बिघडलेलं होतं, पाण्याचा काय संबंध? खरं तर पडल्या पडल्या छाती दाबायला हवी होती. दोन्ही हातांनी, जोरात, दवाखाना येईपर्यंत सारखी. कधीकधी माणूस परत येतो. पण हे कुणी शिकवलेलंच नसतं गं त्या पोरांना."

मागे काहीतरी हललं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी फोन कानाला लावला, पण उशीर झाला होता. तिने सगळं ऐकलं होतं, छातीचंसुद्धा.

फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. मेथीची जुडी तिने आपल्याकडे ओढली आणि पानं खुडायला लागली. बराच वेळ खुडत होती. मला वाटलं, आता रडेल.

"त्या पोऱ्याना फोन नंबर शे का?" तिने विचारलं.

होता. त्या रविवारी निघताना त्याच्या बायकोने गुपचूप माझ्या हातात दिला होता, का ते तिलाच ठाऊक.

"त्याले सांग. पाण्यानी काही व्हतं नव्हतं. सिस्टरबाईनी सांगं म्हना. मोठ्या दवाखानानी बाई शे म्हना."

"बरं."

मी फोन उचलला. आईने माझं मनगट धरलं. तिची बोटं मेथीने ओली होती.

"छाती दाबानं सांगू नको," ती म्हणाली. "ते आपलाजोडे ऱ्हाऊ दे."

मी नंबर लावला. त्याने उचलला तेव्हा तो कामावर होता. मागे लूम्सचा खडखडाट, माणसाचा आवाज माणसाला ऐकू जाऊ नये असा. मी माझं नाव सांगितलं. मग सांगितलं, आईचा निरोप आहे. त्या दिवशी तू पाणी दिलं असतंस तरी काही फरक पडला नसता. एका नर्सबाईंनी सांगितलंय.

"ताई, काई ऐकू येईना," तो ओरडला. "पुन्यांदा सांगा."

मी उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं. आमचं घर लहान, भिंती पातळ, शेजारची बाई बाहेर डोकावली. आई माझ्याकडे बघत होती आणि मानेने सांगत होती, अजून, अजून मोठ्याने. मी ओरडून सांगितलं की पाण्याने काही झालं नसतं, तू काही चुकला नाहीस.

तिकडे खडखडाट चालूच होता. तो बोलत नव्हता, पण फोनही ठेवत नव्हता.